सात वाजून आठ मिनिटं

१

बजरंग गुरुवारी दुपारी गेला. त्याला कोणतं इंजेक्शन द्यायचं हे सांगणारी कॉम्प्युटरमधली ऑर्डर शुक्रवारी गेली. माणूस गेल्याचं सगळ्यांना लगेच कळलं. ऑर्डर गेल्याचं कळायला शनिवार उजाडला, कारण तिच्यासाठी छाती बडवणारं कुणी नव्हतं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, वकिलानं मना केलंय. नांदेडात, विष्णुपुरीच्या रस्त्याला, चाळीस खाटा. मी निवृत्ती, राहणार लातूर. मराठवाड्यातल्या बारा हॉस्पिटलांचे सर्व्हर मी बसवले आहेत आणि त्यांतल्या एकाही मालकाला आपल्या सर्व्हरचा रंग आठवत नाही. मशीन बिघडलं की मात्र त्यांना मी बापाच्या आधी आठवतो.

शनिवारी सकाळी सातला डॉ. श्रीमंतरावांचा फोन आला. तेच हॉस्पिटलचे मालक.

"निवृत्ती, रूटचा पासवर्ड लागंना. बालाजी सकाळपासून बडवून राहिलाय. आणि त्या बजरंगची ऑर्डरच गायब हाय."

रूट म्हणजे लिनक्स मशीनचा मालक. बाकीचे सगळे भाडेकरू. नर्सला औषधाची ऑर्डर वाचता येते, डॉक्टरला लिहिता येते, पण लिहिलेली पुसता फक्त रूटलाच येते. आणि रूटनं काय पुसलं याची नोंद माझा प्रोग्रॅम ठेवत नाही. का ठेवत नाही म्हणून मला विचारू नका, गिऱ्हाइकांनीच तसं मागितलं होतं.

सव्वादहाला पोचलो. आवारात हिमायतनगरची वीसेक माणसं उभी होती. बजरंगची तिथे पिठाची गिरणी होती. त्याची मुलगी सुकन्या पायरीवर बसली होती. 

"बारा वाजेपर्यंत नाव पायजे," श्रीमंतराव मला आत ओढत म्हणाले. "न्हाई तर ही माणसं काचा फोडतेत. इंजेक्शन उजमानं दिलं. ती म्हणते ऑर्डर होती. ऑर्डर तर न्हाई. आता तूच सांग, कुणी पुसली का नव्हतीच."

एका नर्सची नोकरी, तिचं नाव आणि कदाचित तुरुंग, एवढं सगळं माझ्या बोटांवर येऊन पडलं होतं. खरं सांगतो, मला त्याचं ओझं वाटलं नाही. मला मजा वाटली.

२

सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यात. चपला बाहेर काढायच्या, आत सतरंजी, खिडकी नाही. कपाटाच्या दाराला आतून माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता: "पासवर्ड विसरल्यास". खाली पाच ओळी, मराठीत. सहा वर्षांपूर्वी बालाजीनं तिसऱ्यांदा पासवर्ड विसरून मला लातूरहून पळवलं, तेव्हा वैतागून मी तो लिहिला होता. घराला कुलूप लावून किल्ली कुठे ठेवलीय ते दारावर लिहिण्याचा हा प्रकार. पण माझ्या बाराही गिऱ्हाइकांकडे तो कागद आहे आणि त्यामुळे माझी झोप शाबूत आहे.

प्रकार सोपा. मशीन चालू होत असताना त्याला मध्येच थांबवायचं आणि पडद्यावरच्या एका ओळीत चार शब्द घालायचे. मशीन अर्धवट उठतं आणि काही न विचारता थेट मालकाच्या हाती स्वतःला सोपवतं. मग नवा पासवर्ड टाकायचा, मशीन पुन्हा चालू करायचं. जुना पासवर्ड कोणी विचारत नाही. ज्याचा हात मशीनवर, त्याचं मशीन.

मीही तेच केलं. अर्धवट उठलेल्या मशीनमध्ये आधी पासवर्डांच्या फाईलची वेळ पाहिली. शेवटचा बदल: शुक्रवार, संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटं. मोबाईलवर त्या पडद्याचा फोटो काढला आणि मग नवा पासवर्ड टाकला. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मशीन नीट चालू झाल्यावर त्याची रोजनिशी उघडली. शुक्रवारी ते दोनदा बंद पडलं होतं. दुपारी एक एकतीस ते एक पन्नास, आणि संध्याकाळी सहा सत्तावन्न ते सात वीस. दोन्ही वेळा लाईट गेली होती. इथल्या बॅटऱ्या दोन वर्षांपूर्वी मेल्या आहेत. त्यामुळे लाईट गेली की सर्व्हरही जातो.

अर्धवट उठलेलं मशीन रोजनिशीत काही लिहीत नाही, तिथे ते बंदच दिसतं. त्यामुळे सात वाजून आठ मिनिटं दुसऱ्या खिंडारात चपखल बसत होती. मी बाहेर आलो आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती वेळ सांगून टाकली. सर्कशीतला माणूस वाघाच्या तोंडातून डोकं बाहेर काढून जसा बघतो, तसं मी सगळ्यांकडे बघितलं.

"म्हणजे काल सात वाजून आठ मिनिटांनी त्या खोलीत जो होता, त्यानंच केलं," श्रीमंतराव म्हणाले.

मेट्रन सिंधुअक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मला वाटलं, सुटका झाल्यासारखं त्यांना वाटतंय. वाटलं ते बरोबरच होतं.

३

एकेकाला बोलावलं.

बालाजी कॉम्प्युटर ऑपरेटर. घाम पुसत आला. "सर, मी कशाला फोडू? पासवर्ड तर मलाच ठाऊक होता. शुक्रवारी दुपारी जेवायला घरी गेलतो, संध्याकाळी साडेसहाला सुट्टी. आज बॅकअप घ्यायला बसलो तर पासवर्ड लागंना."

हे पटण्यासारखं होतं. ज्याच्या खिशात किल्ली आहे तो कुलूप फोडत नाही.

डॉ. प्रीतम तरुण, श्रीमंतरावांचा पुतण्या. उजमाच्या म्हणण्याप्रमाणे ऑर्डर त्याच्याच नावानं होती. "मी गुरुवारी शिरूर अनंतपाळला लग्नात होतो. फोनला रेंज नव्हती. मी कसली ऑर्डर देतो? आणि बजरंगला त्या औषधाची ॲलर्जी होती, केसपेपरवर लाल शाईनं लिहिलंय. मी देईन का ते?" शुक्रवारी तो दिवसभर विष्णुपुरीच्या कॉलेजात आरोग्य शिबिरात होता. चारशे पोरांनी त्याला पाहिलेलं.

खाजाभाई इलेक्ट्रिशियन, जनरेटरही तेच बघायचे. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. "जुम्म्याच्या नमाजचा अर्धा तास सोडला तर किल्ल्या माझ्या कमरेच्या सुटत न्हाईत. संध्याकाळी डिझेल कमी होतं साहेब. जनरेटर नुसत्या आयसीयूवर टाकला. बाकी समदा अंधार. सात वीसला लाईट आली."

"संध्याकाळी सर्व्हरची खोली कोणाला उघडून दिली?"

खाजाभाई जमिनीकडे बघत राहिले. "मला न्हाई माहीत."

सिंधुअक्का मात्र बोलल्या. बावीस वर्षं याच हॉस्पिटलात. इथल्या सगळ्या पोरी त्यांना आईच्या जागी मानतात. उजमाला कामावर लावलं तेही त्यांनीच.

"निवृत्तीभाऊ, पोरगी गुणाची हाय. तिच्याविरुद्ध बोलताना माझी जीभ जड होऊन राहिली. पण रोज दिवेलागणीला ती त्या खोलीत जाते. खाजाभाई उघडून देतेत. कशाला जाते ते तिलाच इचारा." मग पदर सावरत उठता उठता म्हणाल्या, "दुपारी लाईट गेलती तेव्हा मशीन मीच चालू केलं व्हतं. बालाजी जेवायला गेलता. पन संध्याकाळचं मला काय ठाऊक न्हाई बा."

दुपारच्या गोष्टीत मला रस नव्हता. मी उजमाला हाक मारली.

चोवीस वर्षांची. देगलूर नाक्याला घर, वडील शिलाईकाम करणारे. आवाज स्थिर होता.

"ऑर्डर होती सर. प्रीतम सरांचं नाव होतं. केसपेपर तेव्हा ऑफिसात होता, म्हणून लाल शेरा मला दिसला नाही. ती माझी चूक. पण ऑर्डर होती."

"काल सातला कुठे होतीस?"

तिनं दाराकडे बघितलं.

"हे बघ, खरं सांग. खऱ्यानं कोणाचं वाईट होत नाही."

हे वाक्य माझं. मी ते बोललो, आणि बोलताना मला ते पटतही होतं.

"सर्व्हरच्या खोलीत होते सर. मगरिबची नमाज. वॉर्डात जागा नाही. तिथं सतरंजी हाय, पाक जागा हाय, कोणी चपला घालून येत नाही. अकरा महिने झाले. काल तर लाईट नव्हती, मोबाईलच्या उजेडात पढले. मशीनला मी हातसुद्धा लावला नाही."

वेळ जुळली, जागा जुळली, कारण तर आधीपासूनच होतं. रीत सांगायला माझा कागद कपाटावर होताच. बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी अहवाल लिहिला. मुद्दा एक: शुक्रवारी सायंकाळी ७.०८ वाजता कु. उजमा यांनी रूटचा ताबा घेतला. मुद्दा दोन: कु. उजमा या अकरा महिने विनापरवाना सर्व्हरच्या खोलीत जात होत्या, व तसे त्यांनी स्वतः कबूल केले आहे. खाली झोकदार सही केली.

श्रीमंतरावांनी तो कागद पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचला.

सुकन्या उठली. पायऱ्या चढली आणि उजमाच्या तोंडात मारली. एकदा नाही, तीनदा. वीस माणसं बघत होती, मीही बघत होतो. चौथ्या वेळी सिंधुअक्कांनी मध्ये पडून उजमाला छातीशी धरलं आणि स्वतः हुंदके देऊन रडल्या.

४

सव्वा वाजता मी श्रीमंतरावांच्या खोलीत ताक पीत होतो. बालाजी दारात आला.

"सर, पोलिसांना द्यायला त्या फाईलची माहिती छापायला लागलोय. पण हे बघा ना."

कागदावर पासवर्डांच्या फाईलची वेळ होती. माझ्या आजच्या बदलाची. शनिवार, दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं.

"आत्ता तर सव्वा वाजलाय सर," बालाजी म्हणाला. "चार चाळीस व्हायचेत अजून."

ताकाचा पेला खाली ठेवला. मी अकरा दहाला केलेला बदल मशीन चार चाळीसचा सांगत होतं. साडेपाच तास पुढे.

मी वर धावलो. चपला काढायचं भान राहिलं नाही.

५

ही चूक माझी होती आणि सहा वर्षं जुनी होती. हा सर्व्हर आला तेव्हा श्रीमंतरावांचा हट्ट होता की डिस्चार्ज कार्ड मराठीत, त्यांच्या लाडक्या जुन्या अक्षरातच छापून यायला हवं. ते अक्षर, म्हणजे फॉन्ट, फक्त विंडोजवर चालायचं. म्हणून मी एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही बसवलं, आणि दोघांचं जमावं म्हणून मशीनच्या आतलं छोटं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाला लावलं. भारतातली वेळ. लिनक्सला ते घड्याळ इंग्लंडच्या वेळेला लावलेलं लागतं. नीट उठलं की ते माझी सूचना वाचतं आणि हिशेब सुधारून घेतं. पण मध्येच थांबवलं तर ती सूचना वाचलीच जात नाही. मग आतलं घड्याळ इंग्लंडचं आहे असं समजून ते त्यात आपले साडेपाच तास मिळवतं आणि पुढची वेळ सांगतं.

पासवर्ड फोडणारा मशीन मध्येच थांबवतो. म्हणजे त्याच्या बदलावर नेहमी साडेपाच तास पुढचीच वेळ पडणार. सकाळी त्या पडद्यावर एकदा जरी "आता किती वाजले" असं विचारलं असतं, तरी हे दिसलं असतं. मी विचारलं नाही. बारा हॉस्पिटलांचा उस्ताद कशाला विचारील?

सात वाजून आठ मिनिटांमधून साडेपाच तास वजा केले. शुक्रवार, दुपारी एक वाजून अडतीस मिनिटं. पहिलं खिंडार.

मग एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. संध्याकाळी सात वाजून आठ मिनिटांनी त्या खोलीत वीजच नव्हती. खाजाभाईंनी सांगितलं होतं, समदा अंधार. उजमानं सांगितलं होतं, मोबाईलच्या उजेडात पढले. बंद मशीनचा पासवर्ड कोणीही फोडू शकत नाही, मी सुद्धा नाही. दोघांनी मला तोंडावर सांगितलं आणि मी ते कानाआड केलं. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं, आणि वर सही ठोकली.

खाली खाजाभाईंना गाठलं. "शुक्रवारी दुपारी लाईट गेली तेव्हा जनरेटर किती वेळात लागला?"

"दुपारी तो आपोआप लागतो साहेब, तीन मिन्टात. डिझेल होतं तवा."

तीन मिनिटांत वीज आली, तर मशीन एक पस्तीसलाच उठायला हवं होतं. ते एक पन्नासला उठलं. पंधरा मिनिटं कोणीतरी त्याला उठू देत नव्हतं.

"आणि जुम्म्याला जाताना किल्ल्या कोणाकडे देता?"

"सिंधुअक्काकडं. दर शुक्रवारी. लई भरवशाच्या हायत त्या."

शुक्रवारी दुपारी मशीन आपणच चालू केलं, हे अक्कांनी मला आपणहून सांगितलं होतं. का नाही सांगणार? मी सगळ्यांसमोर सात वाजून आठ मिनिटं असं ओरडून मोकळा झालो होतो. मशीन आपल्या बाजूनं खोटं बोलतंय हे त्यांना तेव्हाच कळलं. त्या वेळेला खोलीत रोज कोण असतं ते त्यांना ठाऊक होतं, तिथे त्यांनी उजमाला उभं केलं.

पण का? प्रीतमला बाजूला घेतलं. "तुझा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

तो ओशाळला. "सगळ्याच डॉक्टरांचे पासवर्ड अक्कांना माहीत आहेत. आम्ही नसलो की त्याच आमच्या नावानं ऑर्डर टाकतात. संध्याकाळी सांगतात, आम्ही मान डोलावतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय."

६

श्रीमंतरावांच्या खोलीत दार लावून मी सगळं सांगितलं. अक्का समोर बसल्या होत्या. एकदाही नाही म्हणाल्या नाहीत.

"गुरुवारी त्याला ताप चढला," त्या म्हणाल्या. "प्रीतम सरांचा फोन लागंना. तापाला आपण नेहमी देतो तेच मी टाकलं. केसपेपर बघितला न्हाई. बावीस वर्षांत एकदा बघितला न्हाई भाऊ. मग दोन वर्षांवर पेन्शन दिसाया लागली. तुमचा कागद व्हता कपाटावर. पाच ओळी. आम्हाला लिहिलेलं तसंच करायची सवय हाय."

"आणि उजमा?"

"मी तिचं नाव घ्यायची न्हवते. तुम्ही वेळ सांगितली म्हणून घेतलं."

मला त्यांना मारावंसं वाटलं. त्यांच्याकडे बोट दाखवलं की उरलेली माझ्याकडे वळत होती, म्हणून जास्त वाटलं.

श्रीमंतरावांनी टेबलावर बोटं वाजवली. "लिहून दे निवृत्ती. मुद्दा एक चुकीचा हाय असं. घड्याळाचं समदं लिही."

मी लिहिलं. घड्याळ मी चुकीचं लावलं होतं, अर्धवट उठलेल्या या मशीनवरच्या वेळा खोट्या असतात, ७.०८ ही वेळ खोटी आहे. हे लिहिताना बाराही गिऱ्हाइकं गेली असं मी मनाशी धरलं आणि तरी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल बरं वाटलं. ते दोनेक मिनिटं टिकलं.

श्रीमंतरावांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "झकास. म्हणजे या मशीनचा काही भरवसाच न्हाई. तूच लिहून दिलास. मग ऑर्डर कुणी टाकली, कुणी पुसली, होती का नव्हती, कोण सांगणार? मशीनचा बिघाड. संपलं."

"बिघाड नाही. अक्कांनी..."

"अक्का गेल्या तर तोंड उघडतील. पासवर्डांचं बाहेर आलं तर दहा डॉक्टरांची डिग्री जाते. त्या कुठं जात न्हाईत." त्यांनी माझा सकाळचा अहवाल पुढे ओढला. पेनानं मुद्दा एक खोडला, शेजारी सही केली. मग बोट खाली नेलं. "मुद्दा दोन तेवढा राहिला. विनापरवाना खोलीत जाणं, अकरा महिने. तिची कबुली. तुझी सही. बजरंगच्या लोकांना आज कुणीतरी गेलेलं दिसलं पायजे. अक्का, तिला राजीनामा लिहाया सांगा. कागद तुम्हीच द्या, तुमचं ऐकते ती."

अक्का उठल्या, कपाटातून कोरा कागद काढला आणि गेल्या.

उजमा वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसली होती. गालावर बोटं उमटलेली. कागद मांडीवर होता. आपल्यावरचा मुद्दा एक गेला हे तिला कोणीतरी सांगितलं होतं, कारण मला बघून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "शुक्रिया सर."

मी उगाच खिशातलं पेन नीट केलं.

"दुसरा मुद्दा पण खोडता का सर? शेरा लागला तर दुसऱ्या दवाखान्यात मला कोणी घेणार नाही. अब्बांना तर मी सांगितलंच नाही अजून."

मी खोडू शकत होतो. कागद माझा होता, सही माझी होती. आत जाऊन फाडला असता तर श्रीमंतरावांनी काय केलं असतं? फार तर बिल दिलं नसतं. पण सकाळपासून एकदा माझी सही खोटी ठरली होती. दुसऱ्यांदा तिला खोटं म्हणवून घेण्याची माझी तयारी नव्हती. लाज वाटते, पण तेव्हा डोक्यात एवढंच होतं.

"ते खरं आहे ना पण," मी म्हणालो.

"हाव सर," उजमा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सांगितलं होतं."

तिनं माझ्या खिशाकडे हात करून पेन मागितलं. मी दिलं. बाकावरच कागद ठेवून ती लिहायला बसली.